चार जागी एकच हिशेब

लॅरिसा डेम्चुकला ग्लेन फ्राइझनच्या रागाची भीती नव्हती, कारण तो कधी रागावतच नसे. तिला चीड यायची ती त्याच्या गोड बोलण्याची. नकार असा साखरेत घोळवून द्यायचा की समोरच्याने आभार मानून जागेवर जाऊन बसावं, आणि मग ध्यानात यावं की आपलं म्हणणं तर केराच्या टोपलीत गेलं.

कॅनडातल्या सास्काटून शहरात रिव्हर लॉट नावाची एक गृहसंस्था होती. बेताच्या कमाईच्या लोकांना परवडतील अशा तिच्या काही जुन्या इमारती शहरभर विखुरलेल्या. त्यातली तळमजल्यावरची, रुंद दारांची घरं ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांच्यासाठी राखलेली. अशी घरं मोजकी आणि वाट बघणारे ढीगभर. एखादं रिकामं झालं की प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला पत्र जायचं. यादी डेटाबेसमधून निघायची, आणि डेटाबेसला 'कोण कोण पात्र, कुठल्या क्रमाने' हे विचारणारी क्वेरी ग्लेनने लिहिलेली होती. लॅरिसा त्याच्याच हाताखाली काम करायची. मागच्या वसंतात तिने ती क्वेरी पहिल्यांदा नीट वाचली आणि डोक्याला हात लावला.

प्रत्येक अर्जदाराला गुण मिळायचे. कमाई किती, किती वर्षं वाट बघतोय, राहतो कितव्या मजल्यावर, काठी लागते की वॉकर की खुर्ची. अशा अटींची बेरीज-वजाबाकी करणारा तो हिशेब पडदाभर लांब होता. त्याचं तिला काही वाटलं नाही, नियमच तसे होते. पण तोच तो हिशेब क्वेरीत चार जागी लिहिलेला होता. गुण दाखवायला एकदा. कमी गुणांचे अर्ज गाळायला पुन्हा. तातडीचा गट ठरवायला पुन्हा. आणि शेवटी, कोण आधी आणि कोण नंतर, तो क्रम लावायला पुन्हा एकदा. एका घरात चार चुली मांडाव्यात आणि चारींवर एकच आमटी शिजत ठेवावी, तसला प्रकार.

बैठकीत ती म्हणाली होती, हिशेब वरती एकदाच करूया, त्याला एक नाव देऊया, आणि खाली लागेल तिथे फक्त ते नाव घेऊया. क्वेरी लवकर पळेल हा फायदा आहेच, पण उद्या नियम बदलला तर एकाच जागी हात लावावा लागेल.

ग्लेन खुर्चीत मागे रेलून हसला होता. डेटाबेस काही मठ्ठ नसतो, एकच हिशेब चारदा दिसला तर तो आतल्या आत एकदाच करून मोकळा होतो, असं त्याने सगळ्यांना समजावलं होतं.

"डेटाबेस हुशार असेल," लॅरिसा म्हणाली होती, "मी तुझ्या-माझ्याबद्दल बोलतेय."

सगळे हसले. ग्लेन सर्वांत मोठ्याने. मग त्याने तिच्या बारकाईचं कौतुक केलं, चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये असं म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात लॅरिसाकडे नळ-गळतीच्या आणि हीटरच्या तक्रारींचं काम आलं. यादीच्या क्वेरीला तिचा हात लागणार नाही अशी सोय झाली. तिच्या टेबलावर त्याने स्वतः आणून ठेवलेली सास्काटून बेरी भरून भाजलेली गोड 'पाय' पेस्ट्री होती. तिने ती खाल्लीही. चांगली झाली होती, म्हणून राग जास्तच आला.

शरद ऋतूत संस्थेच्या मंडळाने एक चांगला नियम केला. जो माणूस चाकांच्या खुर्चीत आहे, वरच्या मजल्यावर राहतो आणि ज्याच्या इमारतीत लिफ्ट नाही, त्याला भरघोस जादा गुण द्यायचे. बदल ग्लेनने स्वतः केला. चांगल्या नियमाचं काम कुणाला आवडत नाही? बातमीपत्रात त्याचा फोटोही आला होता.

मार्च लागला तरी नदी गोठलेलीच होती. लॅरिसा सकाळी, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेली गाडीची वायर भिंतीतल्या प्लगमधून काढायची, इंजिन गरम होईपर्यंत आत बसून प्रार्थना म्हणायची आणि मग निघायची. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. मांस तर तिने सोडलंच होतं, पण यंदा एक अवघड नेम घेतला होता, की चढ्या आवाजात बोलायचं नाही. न बोलण्याचा नेम सोपा, चढ्या आवाजात न बोलण्याचा कठीण. रोज संध्याकाळी ती मनाशी दिवस तपासायची आणि बहुतेक रोज ग्लेनपाशी अडायची.

त्या शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या वेळेत काउंटरवर बसायची पाळी तिची होती. दार ढकलून एक म्हातारी आत आली. बूट तिने दाराशीच काढले, जाड कोटाची टोपी मागे सारली आणि जाड मोज्यांवर चालत थेट काउंटरशी येऊन एक पत्र आपटलं.

"यिव्हेट लव्हाले," ती म्हणाली. "तुमच्या यादीतली सातवी. फोन करून करून माझा कान दुखायला लागला, म्हणून आज तोंडच घेऊन आले."

लॅरिसाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"बसायला नाही आले गं पोरी. मला एक सांग. हे पत्र तुमचंच ना? यात माझे गुण लिहिलेत. किती आहेत, वाच."

लॅरिसाने वाचलं. एक्क्याण्णव.

"बरं. आता मला सांग, एक्क्याण्णव मोठे की चौऱ्याऐंशी? मी शाळा फार शिकले नाही, बतोश गावाकडची आहे, पण आमच्याकडे एक्क्याण्णव मोठे असायचे."

यादीवर गुण छापलेले नसत. कुणाच्या तरी खासगीपणाची तक्रार आल्यापासून यादीवर फक्त नाव आणि नंबर यायचा, आणि गुण ज्याच्या त्याच्या पत्रात. पण उपासाच्या आदल्या मंगळवारी चर्चमध्ये पॅनकेक खायला सगळी आळी जमली होती, तिथे शेजारच्या गल्लीतला डेल नावाचा माणूस यिव्हेटच्या समोर बसला. दुसरा नंबर लागलाय म्हणून तो खुशीत होता. बोलता बोलता त्याने आपले गुण सांगून टाकले.

"त्याचे गुडघे दुखतात, कबूल आहे," यिव्हेट म्हणाली. "देव त्याचं भलं करो. पण पॅनकेक खायला तो स्वतःच्या पायांनी वरच्या हॉलमध्ये चढून आला होता, आणि दोनदा वाढून घेतले त्याने. माझा नवरा अर्मां तिसऱ्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीत बसलाय. जावई होता तोवर तो आणि खालच्या मजल्यावरचा पोरगा मिळून त्याला उचलून उतरवायचे. जावई कामाला उत्तरेकडे गेला. कापणीनंतर अर्मां खाली आलेला नाही. चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला पन्नास वर्षं फिडल वाजवणारा माणूस यंदा खिडकीत बसून गाड्या बघत होता. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर कपाळाला लावायची राख घेऊन वर आले. पवित्र भाकर घेऊन ती चर्चमधल्या डीकनची बायको येते, धापा टाकत. देव जिने चढून येतो आमच्या घरी, पण आम्हाला त्याच्याकडे जाता येत नाही. आणि फोनवरचा तो मुलगा मला म्हणतो, मॅडम, क्रम कॉम्प्युटर ठरवतो. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरला फोन दे."

लॅरिसाला हसू आलं नाही. जप करताना बोटं पुढे सरकली आणि मधला मणी राहून गेला की जसं आधी हाताला कळतं आणि मग मनाला, तसं तिला कळलं. तिने यिव्हेटला कॉफी दिली, पाच मिनिटं बसा म्हणाली, आणि या वेळी म्हातारी बसली.

क्वेरीला हात लावायची तिला मुभा नव्हती, वाचायला कुणाची बंदी नव्हती. तिने ती उघडली. गुण दाखवायच्या जागी खुर्चीचे जादा गुण होते. गाळायच्या जागी होते. तातडीच्या गटात होते. अगदी तळाशी, क्रम लावायच्या जागी, जुनाच हिशेब तसाच बसला होता. म्हणजे पत्रात नवे गुण छापले जात होते आणि रांग मात्र जुन्या गुणांनी लागत होती. मंडळाने दया दाखवली, ग्लेनने ती पत्रावर छापली, आणि माणसं होती तिथेच उभी राहिली.

तिला वाटलं होतं की आपण बरोबर ठरलो तर निदान थोडं बरं वाटेल. बरं काहीच वाटलं नाही. उलट कान तापले. चूक कुणाचीही होते, पाच वेळा डोळ्यांखालून घातलं तरी होते. पण ही चूक कुठल्या जागी होणार हे वर्षभर आधी सांगून ठेवलेलं असताना, ती जागा तशीच उघडी ठेवली होती. आणि का, तर क्वेरी ग्लेनची होती म्हणून.

ग्लेन आपल्या खोलीत सूप पीत होता. कर्लिंगचा, बर्फावरच्या त्या खेळाचा, ब्रश भिंतीला टेकून ठेवलेला, संध्याकाळी सामना होता. लॅरिसाने दार लावून घेतलं आणि चारही जागा पडद्यावर एकाखाली एक मांडून दाखवल्या. त्याने चमचा खाली ठेवला. तो मूर्ख नव्हता. क्षणात कळलं त्याला.

"अरे देवा," तो म्हणाला. मग त्याच्या आवाजात ती ओळखीची साखर आली. बरं झालं तू पाहिलंस, तो म्हणाला, तुझी नजरच तशी. एका ओळीचं काम आहे. एप्रिलमध्ये रिकामं होणाऱ्या घरासाठी आज यादी निघालेली आहे, संचालकबाई रिजायना शहराहून संध्याकाळी येऊन पहिल्या नावाच्या पत्रावर सही करतील, तेव्हा आता मध्येच हलवाहलव नको. सोमवारी तो ती ओळ गुपचूप दुरुस्त करेल. पुढच्या महिन्यात लव्हालेबाईंचा नंबर आपोआप वर येईल. त्यांनाही आनंद होईल, आणि उगाच कुणाला काही समजावत बसायला नको.

"पुढचं घर कधी रिकामं होईल, माहीत आहे तुला?"

"होईलच कधीतरी."

"म्हणजे कुणीतरी मेलं की."

"लॅरिसा, असं टोकाचं बोलू नये."

तिने दीर्घ श्वास घेतला. आवाज खालीच ठेवला. किंचाळायची ताकद सगळी त्या खालच्या आवाजात उतरली असावी, कारण ग्लेन पुढे वाकला.

"ती बाई बाहेर बसलीय, ग्लेन. माझ्या खुर्चीत, माझ्या कपातून कॉफी पितेय. तिचा नवरा कापणीपासून जमिनीवर उतरलेला नाही. मी आत्ता बाहेर जाणार आहे आणि ती मला विचारणार आहे की एक्क्याण्णव मोठे की चौऱ्याऐंशी. तिला तू सांगतोस की मी सांगू?"

ग्लेनने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि फोन उचलून रिजायनाला लावला. संचालकबाईंनी फारसं काही विचारलं नाही. पत्र थांबवा, यादी पुन्हा काढा, संध्याकाळी नवीन यादीवर सही करते, एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून त्याने कीबोर्ड ओढला आणि तळाच्या जागी जादा गुणांच्या ओळी चिकटवायला घेतल्या.

"तसं नाही," लॅरिसा म्हणाली.

"का? झालं की बरोबर."

"आज झालं. पुढच्या शरदात मंडळ ऑक्सिजन लागणाऱ्यांना गुण देईल. तेव्हा तू कुठली जागा विसरशील? की माझ्या जागी जी कोणी येईल ती विसरेल?"

"मला शिकवतेस?"

"नाही. उठ. मी लिहिते."

तो उठला. बहुधा इतक्या वर्षांत त्याला त्या कार्यालयात कुणी उठ म्हटलं नव्हतं. लॅरिसाने तो लांबलचक हिशेब एकदाच वर नेला, त्याला 'गुण' असं साधं नाव दिलं, आणि खालच्या चारही जागी तेवढा शब्द ठेवला. पडदाभर पसरलेली क्वेरी आवरलेल्या घरासारखी मोकळी झाली. आता दाखवायचे गुण एक आणि रांगेचे वेगळे, असं होऊच शकत नव्हतं. तिने ती चालवली. यिव्हेट आणि अर्मां लव्हाले पहिल्या ओळीवर आले.

ग्लेनने सुटकेचा श्वास सोडला. झालं तर मग, म्हणाला, जाऊन बाईंना गोड बातमी देऊ.

पण लॅरिसा उठली नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक महिन्याचे अर्ज जसेच्या तसे जपून ठेवलेले असत. नियम बदलल्यापासून तळमजल्यावरची दोन घरं गेली होती, एक नोव्हेंबरात आणि एक जानेवारीत. तिने नवी क्वेरी त्या महिन्यांवर चालवली. ग्लेन म्हणाला की याची आता गरज नाही. तिने ऐकलं नाही असं केलं.

नोव्हेंबरातलं घर लव्हालेंचं होतं. यिव्हेटने नाताळसाठी जे केलं असेल नसेल ते तळमजल्यावर व्हायला हवं होतं, आणि अर्मांने मिस्सेत फिडल वाजवायला हवी होती. त्यांना ते मिळालं असतं, तर जानेवारीतलं घर एल्मर हॅलोरन नावाच्या माणसाचं होतं. तो आजच्या यादीत नव्हता. लॅरिसाने त्याचा अर्ज उघडला. फेब्रुवारीत कुणीतरी नोंद करून तो बंद केला होता, की घरी जिने झेपेनात म्हणून अर्जदाराला तीन तासांवरच्या गावातल्या वृद्धाश्रमात हलवलं आहे. पत्नी मॅक्सीन जुन्याच पत्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एकटी.

दोघांनीही ते पुन्हा वाचलं. सूप गार झालं होतं.

"हे बाहेर जायची गरज नाही," ग्लेन हळूच म्हणाला. या वेळी आवाजात साखर नव्हती, नुसती भीती होती. "तिला काय मिळणार कळून? उलट दुःख होईल."

लॅरिसाच्या मनात आलं की हा माणूस वाईट नाही, आणि तेच फार वाईट आहे. वाईट माणसाला लोक अडवतात तरी.

"चल बाहेर," ती म्हणाली.

यिव्हेटने रिकामा कप काउंटरवर ठेवला होता आणि मोजे हीटरला टेकवून बसली होती. ग्लेनने सुरुवात छान केली. अभिनंदन म्हणाला, एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून घर तुमचं, ईस्टर त्या घरात कराल. म्हातारीने क्रॉसची खूण केली. डोळे मिटून काही पुटपुटली. मग डोळे उघडले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सकाळी मी सातवी होते. आता पहिली कशी झाले? मधले सहा मेले का?"

ग्लेनने लॅरिसाकडे पाहिलं. तिने हाताने त्यालाच बोलायची खूण केली. तेव्हा त्यालाच सांगावं लागलं. सुरुवातीला तांत्रिक अडचण म्हणाला, सिस्टम म्हणाला, अपडेट म्हणाला. यिव्हेटने हात वर केला.

"माझ्या नातवाशी बोलतोस तसं बोल."

मग त्याने साधं सांगितलं. एकच हिशेब चार ठिकाणी लिहिला होता. नियम बदलला तेव्हा तीन ठिकाणी बदलला, चौथ्या ठिकाणी राहिला.

"कोणी लिहिला होता चार ठिकाणी?"

"मी."

"आणि विसरला कोण?"

"मीच."

"चार ठिकाणी लिहू नकोस असं तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

ग्लेनचे कान लाल झाले. "सांगितलं होतं," तो म्हणाला.

यिव्हेटने लॅरिसाकडे वळून पाहिलं नाही. तिला कळलं असावं, किंवा त्याच्याशी तिला काही देणंघेणं नसावं. तिने विचारलं की खरं घर कधी मिळायला हवं होतं. नोव्हेंबर, ग्लेन म्हणाला. ती रडली नाही. काउंटरवरचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

"घरी जाऊन मी त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "तो महिनाभर मला विचारायचा, यिव्हेट, आपण काही पाप केलंय का, की आपला नंबर पुढे सरकत नाही. मी त्याला म्हणायचे, थांब रे, देवाच्या घरी उशीर असतो. मी देवाला बोल लावला, ऐकतोयस का तू? तुझ्या एका ओळीसाठी मी देवाला बोल लावला."

ग्लेनने माफी मागितली. ती खरी होती, लॅरिसाला दिसत होतं. यिव्हेटने ती घेतली नाही की टाकली नाही. बूट घालायला ती दाराशी वाकली, नाड्या बांधल्या, आणि उठता उठता विचारलं, "आम्ही एकटेच का?"

ते खासगी आहे, ग्लेन म्हणाला, नावं सांगता येणार नाहीत.

"मला नावं नकोत. त्यांना सांगितलं का, ते विचारतेय."

यिव्हेटने टोपी वर ओढली. "मी फिर्याद घेऊन आले म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "ज्यांच्यात जिना उतरून यायचा जीव नाही, त्यांना कोण सांगणार?" आणि ती गेली. दार बंद होताना गार वारा काउंटरपर्यंत आला.

ग्लेन काउंटरशी परत आला. मग म्हणाला की संचालकबाई आल्या की हॅलोरनबाईंचं त्यांच्या कानावर घालू, रीतसर पत्र पाठवू, शब्द जपून लिहावे लागतील, वकिलाला एकदा दाखवून घेऊ.

लॅरिसाने मॅक्सीन हॅलोरनचा नंबर एका कागदावर लिहून त्याच्यासमोर सरकवला.

"सोमवारी करतो," तो म्हणाला.

तिने काउंटरवरचा फोन उचलून त्या कागदाशेजारी ठेवला, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. जेवणाची सुट्टी संपली होती. आतली माणसं जागेवर परतू लागली होती, कुणी हसत होतं, कुणी मायक्रोवेव्ह उघडत होतं. ग्लेनने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे. ती उठणार नाही हे त्याला दिसलं. त्याने नंबर दाबला.

"मिसेस हॅलोरन?" तो म्हणाला. आणि मग, यिव्हेटला सांगितलं तसंच साधं, त्याने सांगायला सुरुवात केली.